इतिहासाच्या प्रोजेक्टला कव्हरचे मार्क नकोत, तळटिपेचे द्या

मा. संपादक,
स.न.वि.वि.

पत्र लांब झालंय, जागेप्रमाणे कापलंत तरी चालेल, फक्त तारखांचा भाग ठेवा ही विनंती, कारण खरं दुखणं तिथं आहे.

मी एका तालुक्याच्या गावातल्या कॉलेजात इतिहास शिकवते. सबमिशनचे दिवस आले की कॉलेजाकॉलेजात जे प्रोजेक्ट जमा होतात ते कसे असतात हे या क्षेत्रातल्या सगळ्यांना माहितीये. स्पायरल बायंडिंग, कव्हरवर रायगडाचा रंगीत फोटो, प्रत्येक पानाला बॉर्डर, दीड पानाचा ऋणनिर्देश ज्यात प्राचार्यांपासून झेरॉक्सवाल्या काकांपर्यंत सगळे येतात, आणि शेवटच्या पानावर संदर्भसूची म्हणून चार ओळी, गुगल, विकिपीडिया, एका पुस्तकाचं नुसतं नाव आणि 'इंटरनेट'. मधल्या सगळ्या पानांत कुठलं वाक्य कुठून आलं, कुठला आकडा कुणी दिला, पत्र कुणी कुणाला लिहिलं याचा पत्ता नसतो. आणि त्याला चांगले मार्क पडतात, कारण प्रोजेक्ट 'नीटनेटका' असतो.

यात पोरांचा दोष आहे असं मला अजिबात वाटत नाही. त्यांना जो सूचनांचा कागद मिळतो त्यात काय असतं ते बघा, ए-फोर कागद, अक्षर चौदा पॉइंट, दोन ओळीत दीडचं अंतर, डावीकडे समास जास्त सोडा, अमुक पानं झालीच पाहिजेत, कव्हरचा रंग तमुक. हे सगळं बायंडिंगवाल्याला सांगायचं आहे. इतिहास लिहिणाऱ्याला जे सांगायला पाहिजे, म्हणजे शके कसं लिहायचं, बखरीतलं वाक्य आणि पत्रातलं वाक्य वेगळं कसं दाखवायचं, एकाच नावाची दोन माणसं असतील तर काय करायचं, ते त्या कागदावर नसतं आणि बहुतेक वेळा वर्गातही कुणी सांगत नाही. आता नव्या शैक्षणिक धोरणात चार वर्षांची पदवी आलीये, चौथ्या वर्षाला रिसर्च प्रोजेक्ट करता येणार आहे, आणि तिथपर्यंत पोचलेल्या मुलीला साधी तळटीप कशी द्यायची हे माहीत नसेल तर ती रिसर्च कसला करणार.

माझं म्हणणं एवढंच आहे की इतिहासाच्या निबंधाचे जे नियम असतात ते सजावटीचे नाहीत, वाचणाऱ्याला तुमचं म्हणणं तपासता यावं म्हणून ते असतात. म्हणून आपल्याला मराठीत, आपल्या साधनांना लागू पडतील असे, दोन-तीन पानांचे ठरलेले नियम पाहिजेत आणि मार्क त्याला पाहिजेत, कव्हरला नकोत.

आता तारखा. बाहेरच्या देशातल्या विद्यार्थ्याला तारीख लिहायचं फारसं टेन्शन नसतं, दिवस महिना वर्ष लिहिलं की झालं. आपल्याकडे मराठ्यांच्या इतिहासावर पाच पानं लिहायची तरी तीन-चार कालगणना अंगावर येतात. शिवजन्माचंच घ्या. जेधे शकावलीत, म्हणजे जेधे घराण्याकडच्या तारीखवार नोंदींत, ती तिथी शके १५५१ फाल्गुन वद्य तृतीया आहे. वर्गात पोरांना शॉर्टकट माहीत असतो की शकात ७८ मिळवले की इसवी सन मिळतो, मग १५५१ अधिक ७८ म्हणजे १६२९, आणि मग ते म्हणतात मॅडम पुस्तकात १६३० आहे ते चूक आहे का. चूक नाही, शकाचं वर्ष चैत्रात सुरू होतं, फाल्गुन येईपर्यंत इंग्रजी वर्ष बदललेलं असतं, म्हणून तिथे ७९ मिळवायचे. उलट महाराजांचा मृत्यू शके १६०२ चैत्र पौर्णिमेचा, तिथे ७८ च लागतात आणि ३ एप्रिल १६८० येतं. माघ-फाल्गुनाला ७९ हे नक्की, पौषात मात्र घोळ होतो कारण तो महिना कधी इकडे कधी तिकडे पडतो, म्हणून जंत्री, म्हणजे तिथी-तारखांच्या मेळाचं पुस्तक, उघडायचीच. हे शिकवायला अर्धा तास लागतो. तो अर्धा तास कुणाच्या वेळापत्रकात नाही.

त्याच्या पुढची गोष्ट तर चांगल्या चांगल्या लोकांना सांगावी लागते. आपण शिवजयंतीची १९ फेब्रुवारी १६३० ही जी तारीख लिहितो ती जुन्या ज्युलियन पद्धतीची आहे, आजच्या कॅलेंडरप्रमाणे मोजली तर ती १ मार्च येते. राज्याभिषेकाची ६ जून १६७४ ही पण जुनीच, नव्या पद्धतीने १६ जून. दोन्ही तारखा बरोबर आहेत, फक्त कुठली वापरली ते निबंधात सांगायला पाहिजे. का सांगायचं, तर इंग्रजांनी नवीन कॅलेंडर १७५२ साली घेतलं आणि पोर्तुगीजांनी ते त्याच्या कितीतरी आधी, सोळाव्या शतकातच घेतलं होतं. म्हणजे संभाजी महाराजांच्या १६८३ च्या गोवा मोहिमेवर कुणी लिहायला घेतलं आणि एक कागद पोर्तुगीजांचा आणि एक मुंबईच्या इंग्रजांचा असा घेतला तर एकाच दिवसाच्या तारखेत दहा दिवसांचा फरक दिसणार. ज्याला हे माहीत नाही तो विद्यार्थी दोन वेगळ्या घटना समजेल, किंवा पोर्तुगीज खोटं लिहितायत असं तरी लिहील, आणि तसं लिहिलेलं मी वाचलेलं आहे.

सुरतेच्या पहिल्या लुटीचं तर अजून वेगळं. ती जानेवारी १६६४ ची, पण वखारीतल्या इंग्रजांच्या तेव्हाच्या कागदात साल १६६३ असतं किंवा १६६३/६४ असं जोडून लिहिलेलं असतं, कारण त्यांचं वर्ष तेव्हा २५ मार्चला बदलायचं. विद्यार्थी बिचारा अस्सल कागद बघतो, खरं तर शाबासकीचं काम करतो, आणि १६६३ लिहितो, आणि तपासणारा गाईडमध्ये बघून त्याला लाल शाईने गोल करतो. त्याने तळटिपेत एवढंच लिहिलं असतं की मूळ कागदात साल १६६३ आहे, इंग्रजांचं वर्ष तेव्हा मार्चमध्ये सुरू व्हायचं, तर तेच वाक्य पूर्ण मार्कांचं झालं असतं.

पेशवाईत आलो की सुहूर सन, म्हणजे अरबी शब्दांत लिहिलेलं वर्ष. 'इहिदे सितैन मया व अलफ' असं पत्रावर दिसलं की पोरं ते गाळून पुढे जातात. खरं म्हणजे ते इतकं सोपं आहे, इहिदे म्हणजे एक, सितैन साठ, मया शंभर, अलफ हजार, सगळं मिळून ११६१. हे वर्ष मृग नक्षत्रापासून सुरू होतं, त्यात ५९९ मिळवा, जानेवारी लागला असेल तर ६००. आलं ना १७६०-६१, म्हणजे पानिपतचं साल. ज्या मुलाने हे एकदा स्वतः सोडवलं त्याचा चेहरा बघण्यासारखा असतो, त्याला वाटतं आपल्याला कुलूप उघडता आलं. तेव्हा माझी पहिली सूचना, निबंधात मूळ कागदावर तारीख जशी आहे तशी आधी लिहावी, शके, तिथी, सुहूर, हिजरी, राज्याभिषेक शक, जे असेल ते, मग कंसात इसवी सनाची तारीख, आणि १७५२ च्या आधीचं असेल तर जुनी पद्धत की नवी ते पहिल्याच तळटिपेत एकदा सांगून टाकावं. एवढ्यावर निम्मी भांडणं मिटतात.

आता संदर्भ. कॉलेजात हल्ली कुणीतरी सांगतं एपीए वापरा, कुणी सांगतं एमएलए, म्हणजे लेखकाचं नाव आणि साल किंवा पान कंसात टाकायचं आणि पुढे जायचं. मानसशास्त्राला, अर्थशास्त्राला ते ठीक असेल, तिथे ताजा अभ्यास कुठला हे महत्त्वाचं असतं. इतिहासाला ते बसत नाही हे माझं स्पष्ट मत आहे. कंसात 'सभासद, १९६०' असं लिहिलेलं बघा कसं दिसतं, जणू सभासद १९६० मध्ये बसून बखर लिहीत होता. कृष्णाजी अनंत सभासदाने ती बखर जिंजीला राजाराम महाराजांच्या सांगण्यावरून १६९० च्या दशकात लिहिली, तो शिवकाल बघितलेला माणूस आहे, आणि म्हणून त्याच्या शब्दाला वजन आहे. मल्हार रामराव चिटणीसांची बखर त्यानंतर शंभरावर वर्षांनी, १८१० च्या सुमाराची. कंसातल्या छपाईच्या सालात हा फरक पार पुसला जातो आणि दोघं शेजारी शेजारी एकाच मापाने मोजले जातात. तळटिपेत मात्र जागा असते, तिथे मूळ कधीचं, संपादक कोण, छापलं कधी हे सगळं एका ओळीत मावतं. इतिहासवाले जगभर तळटीप धरून बसलेत ते हट्ट म्हणून नाही.

आणि आपल्याकडे ती पद्धत नव्याने आणायची पण गरज नाही. मराठी संशोधकांनी ती कधीच बसवून ठेवलीये. वि. का. राजवाड्यांनी १८९८ मध्ये मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचा पहिला खंड काढला तेव्हापासून पत्रांना लेखांक, म्हणजे क्रमांक, आहेत, पेशवे दफ्तरातले निवडक कागद सरदेसायांनी ४५ भागांत छापले त्यातही पत्रांना नंबर आहेत. म्हणजे तळटीप अशी होते, संपादकाचं नाव, पुस्तकाचं नाव, खंड, प्रकाशनाचं ठिकाण आणि साल, मग लेखांक आणि मग पान. लेखांक सगळ्यात महत्त्वाचा, कारण आवृत्ती बदलली की पान बदलतं, लेखांक बदलत नाही. लगेच पुढची तळटीप त्याच पुस्तकाची असेल तर 'तत्रैव', मध्ये दुसरं पुस्तक येऊन गेलं असेल तर लेखकाचं आडनाव आणि पुस्तकाचं छोटं नाव. जुन्या पुस्तकांत 'उपरिनिर्दिष्ट' चं 'उनि' असायचं, ते आता सोडून द्यावं असं मला वाटतं, कारण चाळीस टिपा मागे जाऊन ते वर निर्देशलेलं काय होतं ते शोधत बसावं लागतं. इंग्रजीतल्या शिकागो मॅन्युअल या लेखननियमांच्या पुस्तकानेही अलीकडे तत्रैव पेक्षा छोटं नाव परत लिहा असाच कल दाखवलाय, आणि कॉम्प्युटरवर परिच्छेद इकडचे तिकडे हलवले की तत्रैव भलत्याच पुस्तकाला जाऊन चिकटतं हे कारण मला पटतं.

पीडीएफचा एक त्रास सांगते. जुनी पुस्तकं आता स्कॅन करून फुकट मिळतात, पोरं मोबाईलवर उघडतात, ही फार मोठी गोष्ट आहे, आमच्या वेळी एका खंडासाठी पुण्याला जावं लागायचं. पण ते पान नंबर देतात तो पीडीएफचा, पुस्तकाचा नाही. कव्हर, आतलं पान, अर्पणपत्रिका, लांबलचक प्रस्तावना जिला वेगळे आकडे असतात, हे सगळं धरून पीडीएफचं ११२ वं पान म्हणजे पुस्तकातलं ८० वं असू शकतं. छापलेल्या पानावर वर किंवा खाली जो आकडा दिसतो तोच द्यायचा. आणि स्वतः पुणे पुराभिलेखागारात जाऊन कागद पाहिला असेल तर दफ्तराचं नाव, रुमालाचा (कापडात बांधलेल्या गठ्ठ्याचा) नंबर, कागदाचा नंबर. ज्या विद्यार्थ्याने रुमाल सोडून मोडी वाचलंय त्याने ते अभिमानाने लिहावं.

दुसऱ्याच्या पुस्तकातून उचललेलं पत्र असेल तर तसं सांगायचं. पोर्तुगीज कागद आपण कुणी वाचत नाही, पिसुर्लेंकरांसारख्या गोव्याच्या संशोधकांनी ते वाचून ठेवले म्हणून आपल्याला मिळतात, फारसी कागदांचं तेच. मग तळटिपेत मूळ कागदाचं नाव टाकून आपणच तो वाचल्याचा आव आणायचा नाही, 'अमक्याच्या पुस्तकात उद्धृत' हे तीन शब्द लिहायचे. हल्ली एआयला विचारून तळटिपा येतात, त्या दिसायला एकदम झकास असतात, खंड असतो, लेखांक असतो, आणि पुस्तक काढून बघावं तर त्या लेखांकाला भलतंच पत्र निघतं. यावर मी काढलेला उपाय साधा आहे, व्हायवाला तीन तळटिपा मी निवडते आणि सांगते हे पान उघडून दाखव. जो स्वतः वाचून आलाय तो मिनिटात दाखवतो. यूजीसीच्या २०१८ च्या नियमात प्रबंधांना दहा टक्क्यांपर्यंत साम्य चालतं असं आहे, त्यामुळे सगळीकडे टक्केवारीचीच चर्चा होते, पण खोटी तळटीप टक्केवारीत सापडत नाही, ती पुस्तक उघडूनच सापडते.

अवतरण कसं द्यायचं यावर थोडं. जुन्या पत्रात 'सीवाजी' असं असेल तर अवतरणात तसंच ठेवायचं, आजच्या शुद्धलेखनाप्रमाणे सुधारायचं नाही. मध्ये काही गाळलं तर तीन टिंबं, आपल्याकडून अर्थासाठी शब्द घातला तर तो चौकोनी कंसात. पानिपतनंतरचं ते दोन मोती गळाल्याचं वाक्य तर प्रत्येक निबंधात असतं, आणि प्रत्येकात ते थोडं वेगळं असतं, कुठे मोहरा हरपल्या कुठे गमावल्या, कारण प्रत्येकाने ते भाषणात नाहीतर मेसेजमध्ये ऐकलेलं असतं. अवतरण चिन्ह टाकलं म्हणजे शब्द न् शब्द तसाच आहे अशी हमी दिली, हे मुलांना कुणीतरी गांभीर्याने सांगायला हवं. हमी देता येत नसेल तर चिन्ह काढा आणि आपल्या शब्दात सांगा.

नावांचा गोंधळ हा आमच्या विषयातला रोजचा. नानासाहेब म्हणजे कोण, १७४० ते १७६१ पेशवे असलेले बाळाजी बाजीराव की १८५७ चे धोंडोपंत. शाहू म्हणजे साताऱ्याचे थोरले शाहू की कोल्हापूरचे राजर्षी शाहू. दोघांमध्ये दीडशे वर्षं आहेत तरी उत्तरपत्रिकेत ते एकमेकांत मिसळलेले दिसतात. पहिल्यांदा नाव आलं की पूर्ण नाव, लोकांत चालणारं नाव आणि कंसात कारकीर्द, आणि ती कारकीर्द आहे की जन्ममृत्यू ते कळेल असं, मग पुढे सगळीकडे एकच नाव. गावांच्या नावांना पण तोच न्याय लावावा. छत्रपती संभाजीनगर, धाराशिव, अहिल्यानगर ही नावं आता सरकारी झाली, आजच्या बातमीत तीच यायला हवीत, पण मलिक अंबरवर निबंध असेल तर त्याने वसवलेलं गाव खडकी होतं, औरंगाबाद हे नाव औरंगजेबाच्या काळातलं. ज्या काळाबद्दल लिहितोय त्या काळातलं नाव आणि पहिल्या वेळी कंसात आजचं, यात कुणाच्या भावना दुखावायचं कारण नाही, वाचणाऱ्याला नकाशावर बोट ठेवता आलं म्हणजे झालं.

एकेरी-आदरार्थीचा प्रश्न मुलं दरवर्षी विचारतात, घाबरत घाबरत विचारतात. माझं उत्तर असं असतं की मराठीत ज्यांना आपण महाराज म्हणतो त्यांना निबंधातही महाराज म्हणा, 'महाराजांनी तह केला' यात शास्त्रीयपणा कुठे कमी होत नाही. शास्त्रीयपणा कमी होतो तो विशेषणांनी. 'थोर, महापराक्रमी, युगपुरुष' असं प्रत्येक वाक्यात लिहिलं की मुद्दा मांडायला जागाच उरत नाही, आणि शत्रूला 'कपटी, क्रूर' म्हणून टाकलं की त्याने तसं का केलं हा प्रश्न विचारायचा राहून जातो. पुरंदरच्या तहात कुठले किल्ले का दिले, त्यानंतर ते परत कसे घेतले, हे नीट मांडलं की थोरपण वाचणाऱ्याला आपोआप दिसतं.

भाषेबद्दल बोलायचं तर दोन सवयी मला फार खटकतात. एक म्हणजे इंग्रजी पुस्तकाचं यांत्रिक भाषांतर, 'ब्रिटिशांच्या द्वारे रेल्वे सुरू केली गेली' असली वाक्यं. कोण ब्रिटिश? १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदर ते ठाणे गाडी धावली ती जीआयपी रेल्वे कंपनीची होती, लंडनच्या भागधारकांचा पैसा त्यात होता. 'केली गेली' म्हटलं की कर्ता लपतो आणि इतिहासात कर्ता लपवणं म्हणजे अर्धा इतिहास लपवणं. 'जीआयपी कंपनीने सुरू केली' लिहा, वाक्य लहान होतं आणि पुढचा प्रश्न पण सुचतो की कंपनीला यात काय मिळणार होतं. दुसरी सवय नाट्याची, 'आणि आता बाजीराव घोड्यावर टाच मारतात, पुढे काय होणार होतं हे त्यांना ठाऊक नव्हतं' वगैरे. हे व्याख्यानाला, कादंबरीला शोभतं. निबंधात घडलेलं भूतकाळात लिहावं, आणि इतिहासकाराचं मत सांगताना 'शेजवलकर म्हणतात' असा वर्तमानकाळ चालतो, एवढा साधा नियम पुरे आहे.

सगळ्यात जास्त नुकसान मात्र मुद्द्यांच्या यादीने केलंय. स्पर्धा परीक्षेच्या तयारीतून ही सवय आलीये, मी त्या मुलांना दोष देत नाही, त्यांना तिथे तेच लागतं. पण कॉलेजच्या निबंधात 'पानिपतच्या पराभवाची कारणे' म्हणून दहा मुद्दे एकाखाली एक लिहायचे, प्रत्येकाखाली दोन ओळी, आणि शेवटी 'अशा प्रकारे अनेक कारणांमुळे पराभव झाला', याला निबंध कसं म्हणायचं? दहाही कारणं खरी असतील, पण तुला स्वतःला काय वाटतं ते कुठे आहे? एखादी मुलगी असं लिहू शकते की माझ्या मते मूळ कारण रसदेचं होतं. ऑक्टोबर १७६० मध्ये भाऊंनी कुंजपुरा घेतलं तेव्हा धान्य मिळालं, पण लगेच अब्दालीने यमुना ओलांडून दक्षिणेकडची वाट अडवली, डिसेंबरमध्ये अब्दालीची रसद तोडण्याच्या कामावर असलेले गोविंदपंत बुंदेले मारले गेले, आणि छावणीत लढणाऱ्यांबरोबर बाजारबुणगे आणि यात्रेकरूही होते, त्या सगळ्यांच्या पोटाचा प्रश्न होता. मग प्रत्येक वाक्याला तळटीप, मग एक परिच्छेद असा की ज्यांना होळकर-शिंद्यांमधला बेबनाव किंवा तोफखाना आणि गनिमी काव्याचा वाद जास्त महत्त्वाचा वाटतो त्यांचं म्हणणं काय आणि मला ते का पुरेसं वाटत नाही. सहा पानांत होतं हे. तीस पानं लागत नाहीत, आणि 'इतिहास म्हणजे काय' अशी व्याख्यांनी भरलेली प्रस्तावना तर मुळीच लागत नाही, पहिल्या परिच्छेदात प्रश्न आणि आपलं उत्तर दोन्ही आलं पाहिजे.

टायपिंगचं पण सांगायलाच हवं कारण सगळं तिथे येऊन अडतं. गावाकडे अजून मुलं हाताने लिहून टायपिंगच्या दुकानात देतात, तिथे जुन्या नॉन-युनिकोड फॉन्टमध्ये टाईप होतं. मुलीने वहीत व्यवस्थित तळटिपा दिलेल्या असतात, दुकानदार त्या 'खाली जागा पुरत नाही' म्हणून उडवतो किंवा सगळ्या शेवटी नेऊन टाकतो, आकडे हाताने टाईप केलेले असतात, मध्ये एक परिच्छेद वाढला की सगळे आकडे चुकतात. तीच फाईल ईमेलने पाठवली की दुसऱ्या कॉम्प्युटरवर नुसती चित्रविचित्र अक्षरं. युनिकोडमध्ये टाईप करणं आता मोबाईलवर सुद्धा जमतं, आणि तळटीप टाकायची सोय प्रोग्राममध्येच असते, ती वापरली की आकडे आपोआप सरकतात. कॉलेजच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये एक दुपार दिली तरी हे येतं. आकडे देवनागरी की इंग्रजी हा वाद मी घालत नाही, कुठलेही चालतील, फक्त एका निबंधात एकच. संदर्भसूची आडनावाच्या अकारविल्हे, आणि ज्यांना आजच्या अर्थाने आडनाव नाही अशा जुन्या लेखकांना ज्या नावाने लोक ओळखतात तिथे ठेवावं, सभासद 'स' मध्ये. अस्सल साधनं वेगळी, नंतरची पुस्तकं वेगळी, वेबसाईट सगळ्यात खाली आणि कुठल्या दिवशी पाहिली ती तारीख सोबत.

आता मागणी. विद्यापीठांच्या इतिहास अभ्यासमंडळांनी हे असे किंवा याहून चांगले नियम मराठीत लिहून काढावेत, संलग्न कॉलेजांना पहिल्या सेमिस्टरलाच पाठवावेत, आणि प्रोजेक्टच्या गुणपत्रिकेत 'मांडणी व सादरीकरण' असा जो मोघम रकाना असतो तो काढून तिथे 'संदर्भ आणि साधनांचा वापर' असा रकाना घालावा. परीक्षकांनी बाहेरून येताना दोन-चार तळटिपा प्रत्यक्ष तपासाव्यात, त्यासाठी कॉलेजच्या ग्रंथालयात साधनग्रंथ कपाटाला कुलूप न लावता ठेवावेत. यात एक रुपयाचा जास्तीचा खर्च नाही, उलट रंगीत कव्हरचे आणि बायंडिंगचे पैसे वाचतील, जे बऱ्याच घरांत आई मजुरीतून देते.

आणि एक विनंती तुमच्याकडेही, संपादक महोदय. पुरवण्यांत जयंती-पुण्यतिथीला ऐतिहासिक लेख येतात, ते आमची मुलं कापून वहीत चिकटवतात, प्रोजेक्टला वापरतात, त्यांच्यासाठी तेच पहिलं साधन असतं. त्या लेखांत पत्राचा उतारा असेल तर तो कुठल्या संग्रहातला, खंड आणि लेखांक कुठला, एवढी एक ओळ लेखाखाली बारीक टाईपात छापा, आणि तारीख जुन्या पद्धतीची असेल तर तसं लिहा. पुढच्या शिवजयंतीच्या पुरवणीपासून सुरुवात झाली तर ती पुरवणी मी वर्गात घेऊन जाईन आणि त्या ओळीवरून मुलांना ग्रंथालयात मूळ पत्र शोधायला लावीन.

आपली,
इतिहासाची एक प्राध्यापिका
(नाव छापू नये ही विनंती)